मार बसेल म्हणून लपवलेली जखम



मागच्या पावसाळ्यात आमच्या बस्तीत मोबाइलवर एक निरोप फिरला. मुले पळवणारी टोळी शहरात आली आहे, पोरांना घराबाहेर सोडू नका. खाली एका लहान मुलाचा फोटो. तो फोटो कुठला, कधीचा, कोणालाच माहीत नव्हते. दोन दिवसांत गल्ल्या रिकाम्या झाल्या. कामावर जाणाऱ्या बायांनी लेकरांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावले. विहारात संध्याकाळी वंदनेला येणारी मुलेसुद्धा येईनाशी झाली. टोळी काही आली नाही.

त्याच आठवड्यात नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. मुलाच्या पोटरीवर दातांच्या चार खुणा होत्या. कुत्रा चावून आठ दिवस झाले होते. मुलाने स्वतःच जखमेला चुना लावला होता आणि वरून फुलपँट घालून तो रोज शाळेत जात होता. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "काहून सांगितलं नाही रे?" मुलगा खाली बघत म्हणाला, "तू मारशील म्हणून." कचराकुंडीकडे जायचे नाही, असे तिने बजावले होते. चेंडू तिकडे गेला आणि हा आणायला गेला.

आम्ही त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. जखम धुतली, लस सुरू झाली, जखमेच्या बाजूने द्यायचे रेबीजविरोधी सीरमही मिळाले. तो मुलगा आज ठणठणीत आहे. पण रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर तो आजार होतच नाही. म्हणजे त्या मुलाचा जीव आठ दिवस कशावर टांगलेला होता? कुत्र्याच्या दातांवर, आणि तितकाच आईच्या माराच्या भीतीवर.

मी त्या आईला दोष देत नाही. चार घरची धुणीभांडी करून ती संध्याकाळी येते. पोरगा हाताबाहेर जाऊ नये म्हणून ती हात उगारते. मीही माझ्या मुलांवर हात उगारलेला आहे. पण एवढ्या वर्षांच्या कामानंतर मला एक गोष्ट पटली आहे. बाहेरच्या माणसाची भीती घालून मूल सुरक्षित होत नाही. घरी सांगायची भीती काढली, तर मात्र ते पुष्कळ सुरक्षित होते. या महिन्याच्या पानावर मला हेच सांगायचे आहे.

अफवा आणि खरा धोका

१ जुलै २०१८ हा दिवस आपण विसरता कामा नये. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत पोटासाठी फिरणारी. आपल्यासारखीच गावकुसाबाहेर ठेवलेली. मारायला निमित्त होते मोबाइलवरच्या अफवेचे. मुलांच्या काळजीतून पाच घरे उघडी पडली आणि एकाही मुलाचे भले झाले नाही.

म्हणून असा निरोप आला की पुढे पाठवू नका. पोलीस ठाण्यात विचारा. अनोळखी माणसाचा संशय आलाच तर ११२ लावा; हात लावू नका.

आणि हेही समजून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट दाखवतात. पोक्सो कायद्याखाली मुलांवरील बलात्काराच्या ज्या गुन्ह्यांची नोंद होते, त्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, घरमालक, शिकवणीचा सर, कुटुंबाचा मित्र. आपण मुलाला सांगतो, "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको." ओळखीच्या माणसाबद्दल मात्र सांगतो, "काकांच्या पाया पड, मामांच्या मांडीवर बस." मूल बिचारे दोन्ही ऐकते.

बस्तीतून एक फेरी

येत्या रविवारी एक काम करा. आपल्या घरात आणि गल्लीत लहान मुलाच्या उंचीइतके खाली बसा आणि तिथून आजूबाजूला बघा. उभे राहून जे दिसत नाही, ते दिसेल.

पहिले दिसेल पाणी. नळ एकदा येतो म्हणून आपण ड्रम, टाकी, बादल्या भरून ठेवतो. एक ते चार वर्षांचे मूल बुडायला विहीर लागत नाही. अर्धी भरलेली बादलीही पुरते. त्याचे डोके जड असते, ते आत वाकले की परत वर येता येत नाही, आणि ते ओरडतही नाही. ड्रमला घट्ट बसणारे झाकण लावा. रिकामी बादली उलटी ठेवा. झाकणाचा दुसरा फायदा असा की डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, त्याचीही वाट बंद होते. पावसाळ्यात उघडी नाली, झाकण नसलेला चेंबर, बांधकामाचा खड्डा यांची यादी करा आणि महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात लेखी द्या. पोच घ्या. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

मूल पाण्यातून काढल्यावर त्याला उलटे धरून फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. १०८ लावा, आणि श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे लगेच सुरू करा. हे वाचून येत नाही, हाताने शिकावे लागते. आपल्या आरोग्य केंद्रातील सिस्टरना विहारात बोलवा, त्या शिकवतील.

दुसरी वीज. आपल्या विदर्भात उन्हाळा आला की कूलरचा शॉक लागून मुले दगावल्याच्या बातम्या येतात. लोखंडी कूलर, अर्थिंग नाही, खाली सांडलेले पाणी आणि अनवाणी पाय. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. पाणी भरायला मुलाला कधीच पाठवू नका. टिल्लू पंप आणि पाणी तापवायची रॉड यांनाही हाच नियम. बादलीत रॉड लावून आई दुकानात गेली आणि पाणी तापले का म्हणून मुलाने हात घातला, अशी मुले मी वॉर्डात पाहिली आहेत. शॉक लागलेल्या मुलाला आधी हात लावू नका; मेन स्विच बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवायला खर्च येतो हे मला माहीत आहे. पण कूलर घेताना तो खर्च कूलरच्या किमतीतच धरा.

तिसरी आग आणि गरम पाणी. भाजले तर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे वाहते ठेवा. नळ नसेल तर मगाने ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ काही नको. बांगडी, करदोटा लगेच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कपड्याने झाका आणि दवाखाना गाठा.

चौथ्या बाटल्या. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनाईल, ॲसिड, रॉकेल भरून ठेवण्याची आपली सवय सोडा. मुलाला बाटली ओळखीची वाटते, आतले नाही. प्यायलेच तर उलटी करवू नका. ॲसिड आणि रॉकेल वर येताना दुसऱ्यांदा इजा करतात. ती बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

पाचवी कुत्री. चावल्यावर किंवा ओरखडल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवा. चुना, तिखट, तेल लावू नका. सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट जुनी झाली. आता सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. जखमेतून रक्त आले असेल तर सीरमही द्यावे लागते, ते विचारून घ्या. सगळे डोस पूर्ण करा. आणि चावून दिवस गेले असतील तर "आता काय उपयोग" म्हणून बसू नका, त्याच दिवशी जा.

या फेरीत आणखी एक गोष्ट दिसेल. कडेवर दोन वर्षांचा भाऊ घेऊन उभी असलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी. आपण म्हणतो, "मोठी आहे, सांभाळते." ती मोठी नाही. तिच्या कडेवर दिलेले मूलही सुरक्षित नाही आणि ती स्वतःही नाही, शिवाय तिची शाळा बुडते. कुलूप लावून जाणे हा तर उपायच नाही. आत आग लागली तर ते मूल बाहेर कसे येणार? गल्लीतल्या चार-पाच आयांनी वेळा जुळवून घेतल्या, कामाला न जाणाऱ्या एखाद्या आजीला सर्वांनी मिळून महिन्याचे काही पैसे दिले, अंगणवाडीची वेळ पक्की धरली, तर बरेच जमते. आमच्या गल्लीत जमले आहे.

"सांगितलं तर मार नाही"

आता मूळ गोष्टीकडे येते. वरच्या प्रत्येक अपघातात मुलाने लवकर सांगितले तर वाचण्याची शक्यता वाढते. मूल सांगेल की नाही, हे मागच्या वेळी सांगितल्यावर काय झाले त्यावर ठरते.

ग्लास फुटला म्हणून चापट खाणारे मूल पुढच्या वेळी काचेचा तुकडा पायात घुसला तरी लपवते. नालीत पडला म्हणून मार खाल्लेला मुलगा कुत्रा चावला ते लपवतो. आणि ज्या मुलीने "तो दादा मला कसा तरीच हात लावतो" असे सांगितल्यावर "गप, चांगला आहे तो" हे ऐकले, ती पुन्हा कधीच काही सांगत नाही. सवय लहान गोष्टींतूनच लागते.

घरात एकच नियम करून पाहा. जे मूल स्वतःहून येऊन सांगेल, त्याला त्या गोष्टीसाठी मार नाही. चूक असेल तर बोलू, समजावू, भरपाई करायला लावू. पण हात नाही. आणि दिलेला शब्द पाळा. एकदा मोडलात तर मूल सहा महिने विसरत नाही.

कोणी म्हणेल, मारल्याशिवाय वळण लागत नाही. तथागतांनी राहुलला खरे बोलण्याचा पाठ कसा दिला, ते आठवा. राहुल सात वर्षांचा असताना संघात आला असे मानतात. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्यांनी त्याला दाखवले. मग ते सांडले, मग भांडे उपडे केले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याजवळ काय उरते ते त्या भांड्यावरून समजावले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पोटच्या लेकराला तथागतांनी असे शिकवले असेल, तर त्यांना वंदन करणाऱ्या आपल्या घरात पट्टा आणि लाटणे कशाला?

शरीराची ओळख आणि गुपित

तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण नाक, कान, डोळे शिकवतो आणि मधला भाग गाळून थेट गुडघ्यावर येतो. मुलाला कळते की इथले बोलायचे नाही. पुढे तिथेच काही झाले तर त्याच्याकडे शब्दच नसतो. चड्डीच्या आत काय आहे त्याला साधे नाव द्या. आणि सांगा, "इथे कोणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याच्या तिथे तुला हात लावायला सांगायचं नाही. आंघोळ घालताना आई आणि तपासताना डॉक्टर, तेही मी सोबत असताना."

दुसरे शिकवायचे ते गुपिताबद्दल. "आईला सांगू नको, हे आपलं गुपित" असे जो म्हणेल, त्याचे आधी आईला सांगायचे. मग तो कोणीही असो. वाढदिवसाची गंमत चार दिवसांत सगळ्यांना कळते, ते गुपित चालते. कायम लपवायचे आणि ज्याने पोटात भीती बसते, ते गुपित ठेवायचे नाही.

तिसरे म्हणजे पाच बोटांवर पाच माणसे. मुलाला त्याच्या हाताच्या पाच बोटांवर अशी पाच माणसे मोजायला लावा, ज्यांना ते काहीही सांगू शकते. त्यांतली दोन तरी घराबाहेरची असावीत, कारण कधी कधी त्रास देणारा घरातलाच असतो. माणसे मुलानेच निवडावीत. आपले नाव पाचात आले नाही तर रागावू नका. का आले नाही, याचा मनाशी विचार करा.

हे सगळे मुलांनाही शिकवा, फक्त मुलींना नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. "पोरगा आहे, त्याला काय होते" हा आपला समज त्या मुलाला एकटे पाडतो.

मोबाइललाही हाच नियम. कोणी गोड बोलून फोटो मागितला आणि नंतर धमकी देऊ लागला, तर मूल आपल्याकडे येईल की तुम्ही फोन हिसकावून बदडाल या भीतीने त्या माणसाचेच ऐकेल? त्या क्षणी त्याला आपली आठवण आली पाहिजे, माराची नाही.

मूल सांगते तेव्हा

एक जुनी गोष्ट सांगते. मी नोकरीत नवीन होते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पोटदुखी म्हणून तीन महिन्यांत चार वेळा आली. तपासण्या सगळ्या ठीक. दर वेळी तिच्याबरोबर तोच एक नातेवाईक असायचा आणि तिच्याऐवजी तोच बोलायचा. ती माझ्याकडे बघायची. मी सलाईन लावले, औषध समजावले, कागद भरले. तिला पडद्याआड घेऊन एकटीला "बाळ, काय झालं?" एवढे मी विचारले नाही. पाचव्या वेळी ती आली नाही. तिच्या पोटदुखीचे कारण मला आजही ठाऊक नाही. काही नसेलही. पण विचारायला हवे होते, हे ओझे माझ्यावर आहे. ड्रेस उतरवून मी बस्तीत कामाला लागले, त्यात त्या मुलीचा वाटा आहे.

म्हणून लक्ष ठेवा. सुटलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, एखाद्या घरी जायला मूल अचानक नकार देऊ लागले, लघवीला आग, कपड्यांवर डाग, कारण नसलेली पोटदुखी, शाळेचा कंटाळा, कुठून आले ते न सांगता येणारे पैसे किंवा वस्तू. यांची दुसरी कारणेही असतात. लगेच कोणावर आरोप करू नका. पण शांतपणे, एकांतात विचारा.

मुलाने सांगितले तर चार गोष्टी करा. विश्वास ठेवा. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस" असे म्हणा. "तुझी चूक नाही" असे म्हणा, आणि पुन्हा म्हणा. पुन्हा पुन्हा तेच विचारून, चार बायांसमोर उभे करून त्याच्याकडून वदवून घेऊ नका. "ओरडली काहून नाही?" हे तर कधीच विचारू नका. भीतीने अंग गोठते, मोठ्यांचेही गोठते.

नुकतेच घडले असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न घालता कागदात गुंडाळा आणि थेट रुग्णालयात जा. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत घ्यावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. दिवस उलटले असले तरी जा, उपचार आणि नोंद दोन्ही होते. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, अशा मुलावर लगेच मोफत उपचार करणे त्याला बंधनकारक आहे. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे त्यांना म्हणता येत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो हातात घ्या

पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांना तो लागू होतो. गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर मोठ्या माणसाला शिक्षा होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि तिच्या विश्वासाचे माणूस सोबत असले पाहिजे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

बाया मला विचारतात, "आम्ही तर बौद्ध, आमच्या पोरीला ॲट्रॉसिटी कायदा लागतो का?" लागतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीतील बौद्धांनाही ते संरक्षण मिळाले. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर पोक्सोसोबत १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदाही लावायला सांगा. जातीचा दाखला तयार ठेवा.

मूल हरवले तर चोवीस तास थांबू नका. हरवलेल्या मुलाचा गुन्हा लगेच नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. मुलाचा अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आईबापाचे पूर्ण नाव आणि एक फोन नंबर मुलाला पाठ करवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. जाताना लहान मुलाच्या खिशात नाव आणि नंबराची चिठ्ठी ठेवा, आणि चुकामूक झाली तर वर्दीतल्या पोलिसाकडे किंवा समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकाकडे जायचे, हे आधीच दाखवून ठेवा.

"बस्तीतच मिटवू"

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी बोलते. आरोपी बाहेरचा असला की आपण मोर्चा काढतो. आणि आपलाच असला की? नातेवाईक असला, मंडळाचा कार्यकर्ता असला, विहारात पुढे बसणारा असला की? तेव्हा बैठक बसते. "समाजाची बदनामी होईल. पोरीचं लग्न व्हायचं आहे. चार पैसे घ्या आणि मिटवा." मी अशा बैठकीतून उठून आले आहे आणि त्यानंतर काही घरांची दारे मला बंद झाली.

बदनामी गुन्ह्याने होते. तक्रारीने होत नाही. हा पंचांनी बसून मिटवायचा गुन्हाच नाही. पंचशीलातले तिसरे शील आपण दर रविवारी हात जोडून म्हणतो. ते मोडणाऱ्याला आपण पाठीशी घातले, तर आपण नुसते म्हणतो, घेत नाही. आणि मिटवलेल्या प्रकरणातला माणूस त्याच गल्लीत राहतो, तिथली दुसरी मुले मोठी होत असतात.

मोर्चा काढणाऱ्यांनाही एक विनंती. पीडित मुलाचे नाव, फोटो, शाळा, घराचा पत्ता फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर टाकू नका. कायद्याने ओळख उघड करायला मनाई आहे. आपला संताप दोन दिवसांत शमतो. त्या मुलीला मात्र त्याच गल्लीतून शाळेत जायचे असते.

या महिन्यात विहारात

विहार आपल्याजवळ आहे, हे आपले मोठे बळ. या महिन्यात तिथे चार कामे करता येतील. एका रविवारी वंदनेनंतर आयांची आणि बापांची, दोघांचीही बैठक घ्या. मुलांची काळजी एकट्या आईची नाही. दुसऱ्या रविवारी मुलांना पाच बोटांचा खेळ शिकवा. धोक्याच्या जागांची यादी करून झोन कार्यालयात अर्ज द्या. आणि भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर मोठ्या अक्षरांत लिहा: १०९८. हा मुलांच्या मदतीचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालतो आणि मूल स्वतः लावू शकते. खाली ११२ आणि १०८ लिहा. वॉर्डात बाल संरक्षण समिती आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारा आणि आपल्या बस्तीतली एक बाई त्यात असेल असे पाहा.

विहारात किंवा अभ्यासिकेत मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी एकच नियम ठेवा: दार उघडे, आणि एका मुलाला एकट्याने घेऊन बसायचे नाही. हा नियम सर्वांना, मलासुद्धा. ज्याच्या मनात काही नाही, त्याला त्याचा राग येण्याचे कारण नाही.

माता रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. एकटे यशवंत वाचले. त्या काळी गरिबाच्या घरात औषध नव्हते आणि मागायला कायदाही नव्हता. आज लस आहे, दवाखाना आहे, बाबासाहेबांनी दिलेले संविधान आहे, मुलांसाठीचा कायदा आहे. पण हे सारे कामाला लागते ते मुलाने तोंड उघडल्यावर.

म्हणून आज रात्री जेवताना मुलाला एवढेच विचारा, "आज काय काय झालं?" आणि ते काहीही सांगो, आधी ऐकून घ्या. तो नऊ वर्षांचा मुलगा आता त्याच्या आईला सगळे सांगतो. परवा ती हसत मला म्हणाली, "ताई, आता तर इतकं बोलते हे पोट्टं की झोपू देत नाही." मी म्हटले, "बोलू दे बाई. जोवर बोलतो आहे, तोवर बरं आहे."

नमो बुद्धाय. जयभीम.